पाच दिवस, पाच नकाशे: ओरिएंटियरिंगचा सुट्टी-महोत्सव कसा भरवावा

एका दिवसाची स्पर्धा नीट पार पडली, म्हणजे तीच पाचदा केली की महोत्सव झाला, असा हिशोब मांडून सुरुवात केली तर तो तिसऱ्या दिवशी फसतो. एका दिवसाच्या स्पर्धेत सगळे दमतात आणि घरी जातात. महोत्सवात सगळे दमतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतात. धावणारेही येतात, स्वयंसेवकही येतात. गाड्या लावायचं मैदान, जंगलातली जमीन, यंत्रांच्या बॅटऱ्या यांच्यावरचा ताणही रोज वाढत जातो. म्हणून इथल्या जवळजवळ प्रत्येक निर्णयापाशी एकच प्रश्न विचारायचा आहे: चौथ्या दिवशी हे पेलेल का?

खेळ नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात: हातात बारकाव्यांचा नकाशा आणि होकायंत्र घेऊन, नकाशावर दाखवलेली ठिकाणं ठरलेल्या क्रमाने शोधत जायचं. या ठिकाणांना कंट्रोल म्हणतात, आणि त्यांच्या ठरलेल्या मालिकेला कोर्स. प्रत्येक कंट्रोलवर ३० सेंटीमीटर बाजूची पांढरी-नारिंगी खूणझेंडी आणि एक लहान यंत्र असतं. बोटाला अडकवलेली चिप त्या यंत्रात घातली की हजेरी लागते. वाट कुठली घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि खेळाची सगळी गोडी तिथेच आहे. सुट्टीच्या महोत्सवात दहा वर्षांच्या मुलापासून पंच्याऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे त्याच जंगलात, आपापल्या ताकदीच्या कोर्सवर असतात.

खालचे आकडे ६०० सहभागी, ५ दिवस आणि मध्ये १ विश्रांतीचा दिवस हे उदाहरण धरून दिले आहेत. तुमचा महोत्सव लहान असेल तर त्या प्रमाणात कमी करा. मात्र पहिल्याच वर्षी याहून मोठा घाट घालू नका.

दोन वर्षं आधी: जमीन आणि नकाशा

सगळ्यात आधी जमीन. तारीख, नाव, बोधचिन्ह हे सगळं त्यानंतर. जंगलातल्या एका दिवसासाठी साधारण ३ ते ५ चौरस किलोमीटर प्रदेश लागतो. वस्तीतल्या वेगवान शर्यतीला, म्हणजे स्प्रिंटला, एक चौरस किलोमीटरही पुरतो. पाच दिवसांना पाच वेगळी जंगलं हवीतच असं नाही. एकाच मोठ्या प्रदेशात उत्तरेकडून एक दिवस आणि दक्षिणेकडून दुसरा दिवस बसवता येतो. त्याने परवानग्या, गाड्यांचं मैदान आणि तंबू एकदाच उभे करावे लागतात, आणि स्वयंसेवकांचं ओझं निम्म्यावर येतं.

परवानगी प्रत्येक जमीनमालकाकडून लेखी घ्या. जंगलाचा मालक वेगळा, गाड्या लावायच्या शेताचा वेगळा, शिकारीचे हक्क आणखी तिसऱ्याकडे, असं अनेकदा असतं. पक्ष्यांच्या विणीचा काळ, गवत कापणी, लाकूडतोड आणि शिकारीचा हंगाम या चार तारखा कागदावर आल्याशिवाय महोत्सवाची तारीख जाहीर करू नका. लाकूडतोडीबद्दल तर दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारत राहा. नकाशा पूर्ण झाल्यावर जंगलाचा एक तुकडा साफ झाला, की तो भाग नव्याने फिरून काढण्यावाचून उपाय राहत नाही.

आता नकाशा. आंतरराष्ट्रीय ओरिएंटियरिंग महासंघ १९६१ मध्ये कोपनहेगन इथे स्थापन झाला. त्याने ठरवलेली नकाशाची चिन्हं जगभर सारखीच असतात, त्यामुळे परदेशातून आलेला पाहुणाही तुमचा नकाशा न विचारता वाचू शकतो. जंगलाच्या नकाशाचं मूळ प्रमाण १:१५,०००, समोच्च रेषांमधलं अंतर ५ मीटर, सपाट प्रदेशात २.५ मीटर. छापताना बहुतेक वर्गांसाठी, म्हणजे वयानुसार केलेल्या स्पर्धकांच्या गटांसाठी, १:१०,००० घ्या, आणि वयस्कर व लहान मुलांसाठी १:७,५००. हे मोठं करणं म्हणजे सगळी चिन्हं त्याच पटीत मोठी करणं. मोकळी झालेली जागा जास्तीच्या बारकाव्यांनी भरायची नाही. ते केलं की मोठ्या प्रमाणाचा नकाशाही वाचता येत नाही. स्प्रिंटच्या नकाशाचं प्रमाण १:४,०००.

विमानातून लेसरने मोजलेली उंचीची माहिती मिळाली तर जमिनीचा आकार आयता हाती येतो. पण झाडी किती दाट आहे, पायवाट अजून शिल्लक आहे का, कड्याखालचा दगड दिसण्याइतका मोठा आहे का, हे माणसाने चालूनच ठरवावं लागतं. साध्या जंगलात एका चौरस किलोमीटरला २५ ते ३० तास पायपीट धरा, गुंतागुंतीच्या जमिनीवर त्याहून जास्त. १२ चौरस किलोमीटर म्हणजे साडेतीनशे तासांच्या आसपास. रोज सहा तास मन लावून काम झालं तरी साठ दिवस, आणि तेही पानगळ, पाऊस सांभाळून. दोन वर्षं लागतात ती इथे. चित्र काढायला ओपनओरिएंटियरिंग मॅपर हे फुकट सॉफ्टवेअर किंवा ओकॅड वापरतात. कोर्स मांडायला पर्पल पेन, तेही फुकट, नवख्यांना पुरेसं आहे.

प्रदेश ठरला की तो 'बंद' जाहीर करा: अमुक सीमेच्या आत महोत्सवापर्यंत स्पर्धकांनी सरावाला जायचं नाही. त्याच वेळी त्या प्रदेशाचे जुने नकाशे सर्वांना बघायला ठेवा. नाहीतर स्थानिक क्लबवाल्यांना घरचं मैदान आणि पाहुण्यांना कोरा कागद, असं होतं.

दिवसांचा क्रम आणि गुण

पहिल्या दिवशी लोक प्रवासाने आंबलेले असतात आणि नकाशा काढणाऱ्याची पद्धत त्यांना नवी असते. तेव्हा सोपं, मोकळं जंगल द्या. सर्वात कठीण प्रदेश दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, त्यानंतर विश्रांती. स्कॉटलंडमध्ये १९७७ पासून चालत आलेल्या सहा दिवसांच्या महोत्सवात आठवड्याच्या मध्यावर असाच सुट्टीचा दिवस असतो. तो आळसाचा दिवस समजू नका. घोटे आणि डोकं दोन्ही त्या दिवशी सावरतात, आणि तुमची यंत्रं, तंबू, गाड्या एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात हलवायला तेवढीच वेळ मिळते. शेवटचा दिवस आखूड ठेवा आणि लवकर सुरू करा, लोकांना परतीची वाट धरायची असते.

दमछाक करणारा चढ आणि अवघड नकाशा एकाच दिवशी एकत्र आणू नका. जागतिक अजिंक्यपदाच्या लांब शर्यतीत पुरुष विजेत्याला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. तो मापदंड इथे गैरलागू आहे. सुट्टीच्या महोत्सवात प्रत्येक वर्गाच्या विजेत्याचा वेळ ४० ते ५० मिनिटांत बसवा. मध्यावरचा माणूस विजेत्याच्या दुप्पट वेळ घेतो, शेवटचा तिप्पट. विजेत्याला ७५ मिनिटं लागतील असा कोर्स आखला, तर शेवटचा माणूस पावणेचार तासांनी येईल, आणि तोवर फिनिशवरचे स्वयंसेवक उभेच राहतील. चौथ्या दिवशी हे पेलत नाही.

गुणांकनाचे दोन मार्ग आहेत. पाचही दिवसांच्या वेळांची बेरीज, किंवा पाचांपैकी सर्वोत्तम तीन वा चार दिवस धरणं. बेरीज केली तर शेवटच्या दिवशी पाठलागाची शर्यत लावता येते: आघाडीवरचा आधी सुटतो, बाकीचे आपापल्या पिछाडीइतक्या फरकाने, आणि जो आधी पोहोचेल तो जिंकला. बघायला फार सुंदर. पण एक कंट्रोल चुकला की त्या माणसाचा आख्खा आठवडा निकालातून जातो. सुट्टीसाठी आलेल्यांना 'पाचांपैकी चार' हेच द्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. एक दिवस मुलांसोबत घालवता येतो, एक चूक माफ होते, आणि वादळामुळे एखादा दिवस रद्द झालाच तर निकालपद्धत कोलमडत नाही. पाठलागाची हौस असेल तर ती फक्त मुख्य खुल्या वर्गापुरती, बेरजेवर ठेवा. आणि जी पद्धत ठरेल ती प्रवेश सुरू होण्याआधी छापून टाका. मधल्या दिवशी बदललेला नियम लोक विसरत नाहीत.

कोर्स आखणं आणि तपासणं

दहा कोर्स, पाच दिवस, म्हणजे पन्नास कोर्स आणि रोजचे साठ धरले तर तीनशे कंट्रोल. हे एका माणसाचं काम नाही. प्रत्येक दिवसाला स्वतंत्र आखणारा हवा. तपासणारा दोन दिवसांना मिळून एक चालेल, पण त्याने स्वतः त्या दिवसाचा एकही कोर्स आखलेला नसावा. आखणाऱ्याची चूक त्याला स्वतःला दिसत नाही, कारण त्या जागी काय आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं.

आखणारा प्रत्येक जागी जाऊन क्रमांक लिहिलेली छोटी फीत बांधतो. तपासणारा नंतर फक्त नकाशाच्या आधाराने तिथे जातो. त्याने तीन गोष्टी बघायच्या: नकाशावरून ही जागा सापडते का, वर्णनपट्टीतलं (कंट्रोल नेमका कशापाशी आहे हे सांगणाऱ्या यादीतलं) चिन्ह जमिनीशी जुळतं का, आणि फीत त्याच दगडाला आहे की शेजारच्या. भ्रमणध्वनीवरच्या उपग्रह-स्थानाने खात्री करून घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. दाट झाडीत ते दहा मीटर सहज सरकतं, आणि दगडांच्या रांगेत दहा मीटर म्हणजे तीन दगड.

दोन कंट्रोलमध्ये किमान ३० मीटर अंतर हवं, आणि दोन्ही एकसारख्याच वस्तूंवर असतील तर ६० मीटर. कंट्रोलचे क्रमांक ३१ पासून पुढे घेतात, म्हणजे कोर्समधल्या 'पहिला, दुसरा' या क्रमाशी गोंधळ होत नाही. ६६, ६८, ८६, ८९, ९८, ९९ हे उलटे धरले तर वेगळे वाचले जातात, ते वगळा. बहुदिवसीय महोत्सवासाठी आणखी एक खबरदारी: दुसरा आणि चौथा दिवस एकाच जंगलात असेल तर दोन्ही दिवसांचे क्रमांक पूर्ण वेगळे ठेवा. दुसऱ्या दिवशीची एक झेंडी काढायची राहून गेली तरी चौथ्या दिवशीचा माणूस क्रमांक बघून पुढे जाईल.

जात्या-येत्या धावपटूंची एकाच पट्ट्यावर समोरासमोर गाठ पडेल असं टोकदार वळण टाळा. येणारा दिसला की जाणाऱ्याला कंट्रोल फुकट सापडतो. सहाशे पायांनी एकाच ओल्या उतारावरून जावं लागेल अशीही रचना नको. पहिल्या शंभरांनी केलेली वाट बाकीच्यांसाठी नकाशाचं काम करते, आणि जमीनमालकाला ती पुढच्या वर्षी आठवते. लहानग्यांसाठी दोरीचा कोर्स हवाच: ३०० ते ६०० मीटर दोरी झाडांमधून फिरवायची, तिच्यालगत आठ-दहा चित्रांचे थांबे. खर्च जवळपास काही नाही, आणि ज्या घरात चार वर्षांचं मूल आहे ते घर पुढच्या वेळी येणार की नाही, हे बरंचसं यावर ठरतं.

प्रसिद्धी: आधी माहिती, मग आमंत्रण

स्वीडनमधला ओ-रिंगेन १९६५ मध्ये १५६ सहभागींनी सुरू झाला आणि १९८५ मध्ये फालूनला २५ हजारांच्या आसपास पोहोचला. ही वीस वर्षांची वाढ आहे. पहिल्या वर्षी तुमच्याकडे कोण येणार? ओळखीच्या क्लबांतले लोक, त्यांची घरं, आणि त्यांनी ज्यांना सांगितलं ते. म्हणून जाहिरातीपेक्षा माहितीवर कष्ट घ्या.

दोन वर्षं आधी चारच गोष्टी जाहीर करा: तारखा, परिसर, दिवसांची संख्या, आणि जुन्या नकाशाचा तळहाताएवढा तुकडा. तारीख ठरवण्याआधी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दिनदर्शिका बघा. शेजारच्या देशातला मोठा महोत्सव त्याच आठवड्यात असेल तर तुम्हीच हला. त्याच्या लागून पुढचा आठवडा मात्र चांगला: दूरवरून आलेले पाहुणे दोन्ही करून जातात, आणि दोघांनी एकमेकांची पत्रकं वाटली तर दोघांचाही फायदा.

ओरिएंटियरिंगवाल्याला ओढून आणतो तो नकाशा. त्याला हसऱ्या चेहऱ्यांचं छायाचित्र दाखवून फार काही होत नाही. नकाशाचा तुकडा आणि त्याच जागेचं जमिनीवरचं छायाचित्र शेजारी शेजारी ठेवा. झाडी किती मोकळी, पायाखाली दगड की शेवाळ, चढ कसा, हे त्याला दोन सेकंदांत कळतं. दर आठवड्याला जुन्या नकाशावर दोन कंट्रोल दाखवून 'तुम्ही कुठून जाल?' एवढाच प्रश्न टाका. डावीकडची वाट की उजवीकडचा डोंगर, यावर लोक आपणहून वाद घालतात आणि एकमेकांना दाखवतात. फक्त तो तुकडा बंद प्रदेशातल्या नव्या नकाशाचा नाही ना, हे दोघांनी तपासल्याशिवाय टाकू नका.

नवख्यांसाठी भाषा बदला. पदभ्रमण करणारे, डोंगरात धावणारे, शाळांतले भूगोलाचे शिक्षक, बालवीरांची पथकं: यांना वर्ग, प्रमाण, समोच्च रेषा असलं काही सांगू नका. 'नकाशा घेऊन जंगलातून दीड तासाची फेरी, चालत गेलं तरी चालेल, शिकवणारा माणूस सुरुवातीला असेल' हे पुरतं. त्यांना पाच दिवसांचा प्रवेश विकायला जाऊ नका. एका दिवसाचा, आयत्या वेळचा, सोप्या कोर्सचा प्रवेश ठेवा, आणि त्या कोर्सचे नकाशे जास्तीचे छापा.

प्रवेश सुरू होतील त्या दिवशी संकेतस्थळावर या प्रश्नांची उत्तरं तयार असली पाहिजेत: कुठे राहायचं, तंबूची जागा किती आणि पाणी-वीज आहे का, रोजच्या ठिकाणांमधलं अंतर किती, गाडीशिवाय जमेल का, माझा वर्ग कुठला आणि कोर्स किती लांब, चिप भाड्याने मिळते का, एक दिवसच यायचं असेल तर काय, आणि रद्द झालं तर पैशांचं काय. शेवटचा प्रश्न टाळण्याकडे नव्या आयोजकांचा कल असतो. तो टाळू नका. किती दिवस आधी कळवलं तर किती परत, आणि निसर्गामुळे रद्द झालं तर काय, हे दोन वाक्यांत लिहा.

शुल्काच्या तीन पायऱ्या ठेवा: लवकरचं, नेहमीचं, उशिराचं. प्रत्येक मुदतीच्या आदल्या दोन दिवसांत प्रवेशांचा लोंढा येतो. त्यावरून एकूण किती येणार याचा अंदाज बांधता येतो, आणि नकाशे, शौचालयं, तंबू यांची मागणी वेळेत नोंदवता येते. कमाल संख्या आधीच जाहीर करा आणि तिथे थांबा. मैदानात २५० गाड्या मावतात तर ३५० गाड्यांचे प्रवेश घेऊ नयेत, कितीही आर्जवं आली तरी.

जमिनीचं वर्णन खरं करा. काटेरी झुडपं आहेत तर पाय झाकून या असं लिहा. गोचिड्या आहेत तर तेही लिहा. 'मोकळं, धावायला सोपं जंगल' असं वाचून आलेला माणूस गुडघाभर झुडपात अडकला, तर संध्याकाळी तंबूंच्या मैदानात तीच चर्चा होते, आणि तुमची पुढच्या वर्षाची प्रसिद्धी तिथेच ठरते.

गावकऱ्यांना वगळू नका. त्या परिसरातल्या प्रत्येक घरात दोन आठवडे आधी एक पत्रक: कुठल्या दिवशी, किती गाड्या, कुठल्या रस्त्याने, आणि तक्रार असेल तर कोणाला सांगायचं. महोत्सवादरम्यान रोज संध्याकाळी सहाच्या आत निकाल आणि उद्याची माहिती एकत्र टाका. छायाचित्रांसाठी संमती प्रवेशअर्जातच घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची वेगळी.

छपाई

६०० जण, पाच दिवस, म्हणजे ३,००० नकाशे, वर दहा टक्के जास्तीचे. न भिजणाऱ्या कागदावर छापा. छपाईचा पहिला कागद हातात आला की पट्टी लावा: १:१०,००० वर एक किलोमीटर म्हणजे बरोबर १० सेंटीमीटर. 'कागदात बसवा' ही आज्ञा चालू राहिली तर नकाशा तीन-चार टक्के लहान निघतो आणि नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मग तपकिरी समोच्च रेषा आणि पिवळ्या-हिरव्या छटा बघा, आणि कोर्सच्या जांभळ्या वर्तुळाखाली काळे बारकावे झाकले गेले नाहीत ना हेही. गठ्ठे दिवस आणि कोर्सनुसार वेगळ्या रंगाच्या पिशव्यांत बंद करा. स्टार्टवर पेटीत ठेवणाऱ्याने प्रत्येक गठ्ठ्याचा वरचा आणि खालचा नकाशा वाचायचा. चुकीच्या पेटीत गेलेला एक गठ्ठा पूर्ण कोर्स रद्द करायला लावतो.

स्टार्टपासून डाउनलोडपर्यंत

एका कोर्सवर दर दोन मिनिटांना एक जण सोडला तर तीन तासांत ९० जण सुटतात. सर्वात गर्दीच्या कोर्सवर ९० पेक्षा जास्त नावं असतील तर तो वर्ग दोन कोर्सांत विभागा. एक मिनिटाच्या अंतराने सोडायचा मोह टाळा, लोक एकमेकांच्या पाठीमागे माळ करून धावतात.

प्रत्येकाला आठवड्यात एकदा लवकरची, एकदा उशिराची, बाकी मधली वेळ मिळेल अशी वाटणी करा. लहान मुलांच्या आईबाबांना वेगवेगळ्या वेळा हव्यात, एक धावतो तेव्हा दुसरा मुलांजवळ. दोन वेळांत किती फरक ठेवायचा ते मोजून ठरवा: स्टार्टपर्यंत चालणं २५ मिनिटं, तिथे थांबणं १०, धावणं ८०, डाउनलोड (चिपमधल्या नोंदी संगणकात उतरवून घेणं) आणि परत येणं १५, मग दुसऱ्याचं स्टार्टपर्यंत जाणं २५ आणि थांबणं १०. पहिल्याचं चालणं-थांबणं त्याच्या स्टार्टच्या आधीच होतं, ते वजा करून बाकीची बेरीज १३० मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास फरक लागतो. एका तासाच्या फरकाने दिलेली 'कुटुंबाची सोय' ही सोय नसते.

झेंड्या आणि खांब आदल्या संध्याकाळी लावा, यंत्रं सकाळी. एका माणसाने दहा-बारा कंट्रोलच न्यावेत. प्रत्येक यंत्रात चाचणीची चिप घालून ते जागं करायचं आणि क्रमांक झेंडीशी जुळवायचा. बहुतेक गोंधळ तीन कारणांनी होतात. १२१ चं यंत्र ११२ च्या खांबावर लावलं जातं. झेंडी खड्ड्याच्या तळाशी अशी टांगली जाते की जवळ जाऊनही दिसत नाही. आणि यंत्राचं घड्याळ मागे पडतं. सर्व यंत्रांची घड्याळं रोज एकाच मुख्य यंत्राशी जुळवा. मधल्या कंट्रोलचं घड्याळ चुकलं तर फक्त टप्प्यांच्या वेळा बिघडतात. स्टार्ट आणि फिनिशची घड्याळं चुकली तर निकालच चुकतो. यंत्र बंद पडलं तर नकाशाच्या कडेच्या राखीव चौकटीत टोचून खूण करता यावी म्हणून प्रत्येक खांबावर साधा टोचा बांधा.

स्टार्टवर चिप पुसायची तीन यंत्रं आणि पुसली गेली का हे बघायचं एक. कालची नोंद चिपमध्ये राहून गेली तर आजचा निकाल घोटाळ्यात जातो, आणि बहुदिवसीय महोत्सवात ही चूक रोज कोणा ना कोणाकडून होतेच. डाउनलोडला दोन टेबलं, आणि तिसरं फक्त तक्रारींसाठी. एका तक्रारीमागे वीस जणांची रांग अडता कामा नये.

गाड्यांसाठी वाट धरून एका गाडीला २५ चौरस मीटर. पावसाने मैदान चिखलात गेलं तर त्यातला अर्धा भागच उपयोगाचा, म्हणून खडीच्या रस्त्याकडेची पर्यायी जागा आधीच ठरवा. शौचालयं साधारण ५० माणसांमागे एक. स्टार्ट एक किलोमीटरहून दूर असेल तर त्यातली दोन-तीन तिकडे.

सगळे परत आले का

हा नियम अर्जात, पाटीवर आणि नकाशावर, तिन्ही ठिकाणी छापा: कोर्स अर्ध्यावर सोडला तरी फिनिशला येऊन डाउनलोड करायचंच. डाउनलोड न करता तंबूत जाऊन झोपलेल्या एका माणसासाठी तीस जण अंधारात जंगल पालथं घालतात.

स्टार्टवर सुटलेल्यांची यादी हाताने खुणा करून ठेवा आणि सॉफ्टवेअरच्या यादीशी पडताळा. कोर्स बंद व्हायच्या एक तास आधी बाहेर असलेल्यांची नावं काढा, त्यांच्या गाड्या मैदानात आहेत का बघा, घरच्यांना विचारा. त्यानंतरच शोधपथक. पथकातली माणसं सकाळीच नेमलेली असावीत, त्या जंगलाची माहिती असलेली आणि त्या दिवशी धावून दमलेली नसलेली. प्रत्येक स्पर्धकाकडे शिट्टी सक्तीची करा. संकटाची खूण म्हणजे एका मिनिटात सहा फुंकी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. नकाशावर आयोजकांचा दूरध्वनी आणि एक ओळ छापा: 'वाट चुकलात तर दक्षिणेकडे चाला, मोठा रस्ता लागेल.' ही दिशा रोज वेगळी असते. कालची ओळ आजच्या नकाशावर राहून गेली का, हे तपासणाऱ्याने बघायचं.

रुग्णवाहिका कुठल्या कच्च्या रस्त्याने कुठपर्यंत जाते याचा वेगळा नकाशा प्रथमोपचाराच्या टेबलावर ठेवा. वीज चमकत असेल तर थांबवायचं कोणी आणि सोडून झालेल्यांचं काय, हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवलेलं असावं.

माणसं

रोज साधारण ४५ ते ५० जण लागतात: स्टार्टवर १०, फिनिश आणि डाउनलोडला ६, गाड्यांना ८, झेंड्या लावणं-काढणं १०, निकाल २, चौकशी ३, मुलांचा कोर्स ३, प्रथमोपचार ४. स्वयंसेवकांनाही धावायचं असतं, त्यासाठीच ते या खेळात आहेत. त्यांना पहिल्या किंवा शेवटच्या वेळा द्या आणि पाळी अडीच तासांहून लांब ठेवू नका. दिवसानुसार क्लब वाटून दिले तर सोपं जातं: एका क्लबचा एक दिवस, बाकी दिवस तेही पाहुणे. मुख्य आयोजकाला त्या दिवशी कुठलंही काम नेमून देऊ नका. तो गाड्या लावत असेल तर नकाशाची पेटी चुकल्याचं कोणाला सांगायचं? आणि झेंड्या काढणाऱ्यांना जेवण आधी द्या, ते शेवटी जंगलातून येतात तेव्हा सगळं संपलेलं असतं.

महोत्सव संपल्यावर

झेंड्या, खांब आणि यंत्रं मोजून घ्या. जितकी गेली तितकी आली पाहिजेत. फिती शोधून काढायला एक दिवस राखून ठेवा, पावसाळ्यानंतर त्या दिसत नाहीत. आठवडाभरात जमीनमालकांना प्रत्यक्ष भेटा आणि तुडवलेले कोपरे त्यांच्यासोबत चालून बघा. नुकसान असेल तर तिथेच कबूल करून भरून द्या. अंतिम निकाल, भाड्याच्या चिपांचा हिशोब आणि परताव्याची रक्कम दोन आठवड्यांत मार्गी लावा. प्रत्येक दिवसाच्या आखणाऱ्याकडून एक पान लिहून घ्या: कुठल्या कंट्रोलवर लोक अडले, कुठे नकाशा जुना झाला होता, स्टार्टला किती वेळ कमी पडला. हे पान पंधरा दिवसांच्या आत घ्या, नंतर आठवत नाही. पुढच्या आयोजकाला द्यायच्या फाइलमध्ये ते सर्वात वर लावा, परवानग्यांच्या पत्रांच्याही आधी.